गोव्यात नोकरी लागली, पण राहायचं कुठे? (परवडेल असं)

रंकाळावासी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही कोल्हापूरचे. नवऱ्याला कुंडई औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्सला नोकरी लागलीय आणि मला म्हापशात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. माझी ड्युटी सकाळी साडेसातला सुरू होते, कारण लोक उपाशीपोटी रक्त द्यायला येतात. दोघांचे मिळून हातात बावन्न हजार पडतील. मुलगी यंदा पहिलीत जाईल, सासूबाई सोबत. भाडं चौदा हजारांच्या वर नको असं ठरवलंय. पुढे दोन-तीन वर्षांत चाळीस लाखांच्या आत काही बसलं तर विकत घेऊ.

गेल्या रविवारी घरं बघून आलो. पर्वरीला एजंटाने तीन फ्लॅट दाखवले. तिसरा वन बीएचके, भाडं अठ्ठावीस हजार. बाथरूमचं छत बुरशीने काळं झालेलं. मी वर बोट दाखवलं तर म्हणतो, "मॅडम, बाल्कनीतून व्ह्यू बघा." बघितला. समोर जेसीबी डोंगर कापत होता.

मग शिवोलीला एका काकूंचं घर पाहिलं. मागे विहीर, पुढे तुळस, भाडं सोळा. थोडं ताणून जमवलं असतं. सासूबाईंचं तर त्या काकूंशी लगेच जुळलं. निघताना काकू म्हणाल्या, "फक्त सप्टेंबरअखेर खाली करावं लागेल हां, ऑक्टोबरपासून आमचे पाहुणे येतात." मला वाटलं, नातेवाईक. गाडीत बसल्यावर नवऱ्याने सांगितलं की पाहुणे म्हणजे रात्रीच्या दराने पैसे देणारे.

तर आमच्यासारख्यांनी राहावं कुठे? किनारा दिसला नाही तरी चालेल. पाणी, बस आणि शाळा हवी.

खाजनकाठ
'पाहुणे' वाचून हसू आलं, आणि मग ते थोडं आत लागलंही. मी बार्देशातलाच, अशा काकू आमच्या वाड्यावर चार आहेत. त्यांना दोष देववत नाही. सात महिन्यांच्या सीझनमध्ये त्यांना जे मिळतं ते तुम्ही वर्षभराच्या भाड्यातही देऊ शकणार नाही. मुलगा बोटीवर, नवरा गेलेला, पेन्शन नाही.

पण एक बघा. २०११च्या जनगणनेत गोव्यातलं साधारण दर पाचवं घर रिकामं होतं. तेव्हा मोपाचा विमानतळ नव्हता आणि कोविडनंतर लॅपटॉप घेऊन आलेली गर्दीही नव्हती. आता आमच्या वाड्यावर अकरा घरं आहेत. त्यातल्या चारांत माणसं राहतात, बाकीच्या सातांत दिवे राहतात. खरंच सांगतो. संध्याकाळी सात वाजले की टायमरवर सातही घरांचे बाहेरचे दिवे एकदम लागतात आणि सकाळी सहाला एकदम विझतात. आत कोणी नसतं. माळी आठवड्याने येतो आणि पोहण्याच्या तलावातली पानं काढून जातो.

माझा धाकटा भाऊ कांदोळीला हॉटेलात कॅप्टन आहे. लग्न झाल्यावर वेगळं बिऱ्हाड करायचं म्हणून स्वतःच्या गावात वर्षभर भाड्याची खोली शोधली. शेवटी कोलवाळला गेला. जन्म या गावातला, मत या गावात, आणि झोपायला कोलवाळ.

लोकलचा डबा
मुंबईकराचं मत, राग मानू नका. ठाण्यात बऱ्या इमारतीत अठ्ठावीस हजारांना वन बीएचके मिळाला तर आम्ही पेढे वाटू. गोवा अजून स्वस्तच आहे. रडगाणं जास्त होतंय.

खाजनकाठ
ठाण्याचा पगार घेऊन आलात तर स्वस्तच आहे हो. आमची तक्रार नेमकी तीच आहे. धागाकर्तीला पगार म्हापशाचा मिळणार आहे.

लोकलचा डबा
मान्य. पेढे परत घेतो.

बांदा-पणजी-बांदा
आयडी बघून ओळखलंच असेल. सहा वर्षं हेच करतोय. घर बांद्यात, म्हणजे महाराष्ट्रात, पत्रादेवीची हद्द ओलांडून थोडं पुढे. नोकरी पणजीत. एका बाजूने चाळीस किलोमीटरच्या वर. बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग, सातार्डा या पट्ट्यातून रोज हजारो माणसं अशी गोव्यात उतरतात. पहाटे पत्रादेवीला उभे राहा, एमएच-०७च्या दुचाक्यांची रांग दिसेल.

भाडं विचाराल तर मी सात हजार देतो. चिऱ्याचं अख्खं घर, विहीर, दोन फणस. तेवढ्या पैशांत म्हापशात पार्किंगची जागा मिळाली तर मिळाली.

आता बाकीचं ऐका, कारण पहिल्या वर्षी मीही फक्त ते सात हजारच बघितले होते. पेट्रोल गोव्यात स्वस्त आहे, सगळेच तिथे भरतात, तरी महिन्याला साडेपाच हजार जातात. टायर वर्षाला एक जोडी. पावसाळ्यात दोन रेनकोट लागतात, एक अंगावर आणि एक वाळत (तो वाळत नाही). पर्वरीला उड्डाणपुलाचं काम निघालं तेव्हापासून तिथे किती वेळ जाईल ते देवाला माहीत. सातला निघतो, रात्री साडेआठला घरी. मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. आठवड्यात त्याला मी जागा असताना किती बघतो ते लिहीत नाही.

आणि एक हिशेब कुठलाच एजंट सांगत नाही, तो कागदांचा. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात जानेवारी २०१८पासून गोव्याबाहेरच्यांना शुल्क लागू झालं. आमच्याकडे त्यावरून मोठं आंदोलन पेटलं होतं, दोडामार्ग तालुकाच गोव्यात घ्या अशी मागणी झाली. दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं कार्ड हवं तर गोव्यात पाच वर्षं राहिल्याचा दाखला लागतो. गोव्यात सरकारी नोकरी हवी तर पंधरा वर्षांचा. मी सहा वर्षं गोव्यात घाम गाळला, पण त्या दाखल्यांच्या हिशेबात माझं वास्तव्य शून्य. उद्या मुलाचंही तेच. तुम्हाला लहान मुलगी आहे म्हणून हे आधी सांगतो. भाड्याचे चार पैसे वाचवायला जाऊन तिची वर्षं मोजायची राहतील.

तिळारीचं धरण आमच्या दोडामार्गात. त्या कालव्याचं पाणी बार्देश-पेडण्यात जातं. कालवा फुटला की म्हापशाचे नळ कोरडे. आमच्याकडे म्हणतात, "पाणी आमचा, माणसा आमची, रवाक मात्र तुमच्याकडे जागा नाय."

रंकाळावासी
दाखल्यांचं अजिबात डोक्यात नव्हतं. धन्यवाद दादा. नवरा बांद्याला एका पायावर तयार होता. त्याला हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. गप्प बसलाय.

कौलारू
मी पुण्यात असतो, पण गोव्याच्या अंतर्भागात खूप फिरलोय. माझा सल्ला वेगळा आहे. फ्लॅटच्या मागे लागूच नका. हळदोणे, मयडे, तिकडे दक्षिणेत लोटली, चांदर या बाजूंना जुनी सुंदर घरं पडून आहेत. चाळीस लाखांत एखादं घ्या, हळूहळू दुरुस्त करा. शिंपल्यांच्या खिडक्या, मोठं बाल्कांव (दारापुढची बसायची ओसरी), अंगणात आंबा. आयुष्य बदलेल.

खाजनकाठ
हळदोणे-मयड्यात चाळीस लाखांत त्या घराचं बाल्कांव मिळेल. खिडक्या वेगळ्या घ्याव्या लागतील.

बाकी, 'हळूहळू दुरुस्त करा' हे पावसाला कोण सांगणार? आमचंच घर शंभर वर्षांचं आहे. दर एप्रिलमध्ये कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, वासे ठोकून बघायचे. ठोकल्यावर आवाज पोकळ आला की समजायचं, वाळवी आत पोचली. कौलं शाकारणारे गडी आता मिळत नाहीत. जे दोन आहेत ते टायमरच्या दिव्यांवाल्या घरांकडे जातात, तिथे दुप्पट मजुरी. आणि बावन्न हजारांत चार माणसं जगवणाऱ्या बाईला तुम्ही शिंपल्यांच्या खिडक्या सांगताय!

एक-चौदा
जुन्या घराचा विषय निघालाच आहे तर माझ्या कामाचं थोडं लिहितो. बावीस वर्षं वकिलांकडे कारकुनी केली, निम्मं आयुष्य निबंधकाच्या कचेरीबाहेरच्या बाकावर गेलं. धागाकर्ती पुढे विकत घेणार म्हणतात, म्हणून.

महाराष्ट्रात सात-बारा, तसा इथे एक-चौदाचा उतारा. पण शहरी भागात तो नसतो, तिथे सिटी सर्व्हेचा फॉर्म डी बघायचा. उताऱ्यावर कब्जेदार कोण, कूळ कोण आणि इतर हक्कांत काय लिहिलंय हे तिन्ही वाचायचं. लोक पहिला रकाना वाचून खूश होतात. घात शेवटच्या रकान्यात असतो.

दुसरं, गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कायदा आजही चालतो. लग्न झालं की सर्वसाधारणपणे नवरा-बायकोची मालमत्ता एक. त्यामुळे विकणारा एकटा सही करून विकू शकत नाही, बायकोचीही सही लागते. भावाने विकायचं तर वहिनीची. बहिणीचा वाटा भावाइतकाच, म्हणून बहिणीची सही आणि तिच्या नवऱ्याचीही. आता विचार करा, आजोबांच्या नावावरचं घर आहे, त्यांना सात मुलं, त्यातली दोन लिस्बनला, एक नैरोबीला वारली आणि तिची मुलं कॅनडात. अशा घराची 'इन्व्हेंटरी', म्हणजे वारसांची कोर्टातली वाटणी, झाली आहे का, हे पहिलं विचारायचं. कौलारूंना आवडलेली पडीक घरं पडीक आहेत ती बहुतेकदा याच्यामुळे. कोणाला नकोत म्हणून ती पडून नाहीत. एक सही मिळत नाही म्हणून पडून आहेत.

तिसरं, जमीन नुसती नावावर असून भागत नाही. घर बांधण्यालायक आहे याची सनद हवी, आणि नगरनियोजन खात्याकडून झोनिंगचा दाखला. प्रादेशिक आराखड्यात सेटलमेंट म्हणजे वस्तीचा पट्टा वेगळा, बागायत वेगळी, शेत वेगळं. हे पट्टे बदलून देण्यावरून गेली काही वर्षं रान पेटलेलं आहे. नगरनियोजन कायद्याच्या १७(२) कलमाखालचे नियम उच्च न्यायालयाने २०२५मध्ये रद्द केले, त्याच कायद्याच्या ३९-अ कलमावर भांडण चालूच आहे. तेव्हा "झोन चेंज होईल, प्रोसेसमध्ये आहे" असं एजंट म्हणाला की चहा प्या आणि उठा. भातशेताचा तर विचारच नको, २०२३च्या कायद्याने ते फक्त शेतकऱ्यालाच घेता येतं.

फ्लॅट असेल तर ऑक्युपन्सी सर्टिफिकेट बघा. पालिकेचं किंवा पंचायतीचं. घरपट्टीची पावती ही मालकीचा पुरावा नव्हे, हे मी दिवसातून चार वेळा सांगायचो. लोक पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून, घडी न मोडता आणतात, आणि मला त्यांचं तोंड पाडावं लागतं.

कोमुनिदादची, म्हणजे गावकीच्या सामाईक मालकीची जमीन, मये गावातली सरकारी कस्टोडियनच्या भानगडीतली जमीन, हे स्वतंत्र धागे आहेत. स्वस्त दिसेल. लांब राहा.

तांबडी भाजी
+१. एक-चौदा, तुमचे प्रतिसाद छापून फ्रिजवर लावायला हवेत.

मुंडकाराची नात
रात्री साडेबाराला लिहितेय, कारण वरचं 'कूळ कोण' वाचून झोप उडाली.

माझी आजी भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, माडांच्या बागेत राहायची. नारळ राखायचे, पाडेली (नारळ पाडणारा) आला की हजर राहायचं, चतुर्थीला भाटकाराकडे गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान पोचवायचं. त्या बदल्यात कोपऱ्यात मातीचं घर. म्हणजे आम्ही मुंडकार. १९७५मध्ये मुंडकार कायदा आला, कोणी हाकलू शकत नाही असं झालं. गावात घर आणि भोवतीची जागा धरून तीनशे चौरस मीटरपर्यंत विकत घेण्याचा हक्कही मिळाला. तो मामलेदाराकडे जाऊन सिद्ध करायचा. आजोबांनी अर्ज केला तेव्हा बाबा शाळेत होते.

तारखांवर तारखा पडल्या. मामलेदार बदलले, भाटकार वारले, त्यांच्या वारसांना नोटीस लागेना. आजोबा वारले, मग वारस म्हणून बाबांचं नाव लावायला आणखी एक अर्ज. बाबांनी मातीच्या भिंती पाडून चिऱ्याच्या बांधायला घेतल्या, तर परवानगी नाही म्हणून काम थांबलं. आमच्या घराच्या तीन भिंती चिऱ्याच्या आहेत आणि चौथी अजून मातीची. दर पावसाळ्यात तिला माडाच्या झावळ्यांची झड बांधतो.

चार वर्षांपूर्वी ती बाग विकली गेली. नवीन मालक बाहेरचे. त्यांचा माणूस आला आणि अगदी गोड बोलून म्हणाला, पैसे घ्या आणि जा. आकडा ऐकून बाबांनी खुर्ची धरली, एवढे पैसे त्यांनी कधी ऐकले नव्हते. मग आम्ही त्या आकड्याचं कुठे काय मिळतं ते शोधायला लागलो. आमच्या गावात काही नाही. शेजारच्या गावात नाही. वाळपईच्या पुढे एक वन बीएचके बसत होता. आई मासे विकायला रोज म्हापशाच्या बाजारात बसते. वाळपईहून ती पहाटे कशी येणार?

गेलो नाही. अर्ज चालू आहे. आता 'म्हजें घर' या घरं नियमित करण्याच्या सरकारी योजनेची नवीन कागदपत्रं मागितली आहेत. बाबा प्लास्टिकच्या पिशवीत पावत्या घालून जातात, घडी न मोडता. एक-चौदा, तुमचं ते वाक्य वाचून हसले आणि मग जरा रडलेही.

एक-चौदा
बाय, माफ कर. तसं म्हणायचं नव्हतं. मुंडकाराच्या दाव्यात जुन्या घरपट्टीच्या पावत्या उपयोगाला येतात. मालकीसाठी नाही, पण तिथे इतकी वर्षं वस्ती आहे हे दाखवायला येतात. वीजबिलं, रेशनकार्ड, जुन्या मतदार याद्या, शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, सगळं लावा. व्यनि (खाजगी निरोप) करतो.

मुंडकाराची नात
केला का? बघते. देव बरें करूं.

सड्यावरचा
विषय थोडा बदलू का? वास्को कोणी सुचवलं नाही म्हणून लिहितो. बंदर, शिपयार्ड, नौदल असल्याने इथे वर्षभराचे भाडेकरू घरमालकांच्या सवयीचे आहेत, सीझनला हाकलत नाहीत. मराठी शाळा आहेत, मराठी माणूस भरपूर. तुमच्या दोन्ही नोकऱ्यांना मात्र उलटं पडेल. आणि बंदराच्या बाजूला घर घेतलंत तर पांढरे पडदे घेऊ नका. आम्ही खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवतो, ते काळं होतं. कोळसा.

तांबडी भाजी
आता मी बोलते. मी साखळीची, सासर माशेल, नोकरी डिचोलीला. तुमच्या दोघांच्या नोकऱ्यांचा नकाशा काढला तर मधोमध आम्हीच येतो. डिचोलीहून म्हापसा जेमतेम पाऊण तास, खाजगी बस सकाळी सहापासून. तुमच्या यजमानांना आमोण्याचा पूल ओलांडून खांडोळा, माशेल, कुंडई, दुचाकीवर तेवढाच वेळ. फोंडाही चालेल, पण फोंड्याहून रोज म्हापसा म्हणजे तुमचे हाल.

इथे भाडं कमी का, तेही ऐका, नाहीतर वाटेल काही खोट आहे. खोट नाही, खाण आहे. खाणी जोरात होत्या तेव्हा डिचोली, साखळी, तिकडे कुडचडे, सावर्डे इथे पैसा वाहत होता. ज्याच्याकडे दोन ट्रक, त्याने वर एक मजला चढवला भाड्याने द्यायला. २०१२मध्ये खाणी बंद पडल्या, पुन्हा सुरू होऊन मार्च २०१८ला परत बंद. ट्रक उभे राहिले आणि वरचे मजले रिकामे. हे मजले पाहुण्यांसाठी नाहीत. इथे समुद्र नाही, पाहुणा येणार कशाला? त्यामुळे इथल्या मालकाला बारा महिने राहणारं कुटुंब हवं असतं.

शोधायचं कसं? मोबाइलवरच्या जाहिरातींत डिचोलीची चार घरं दिसतील, चारही एजंटांची. खरी घरं तिथे येतच नाहीत. बुधवारी या, डिचोलीचा बाजार असतो. किराणावाल्याला विचारा, शाळेच्या शिपायाला विचारा. सगळ्यांत पक्की खबर पोदेराकडे. रोज सकाळी सायकलवर पाव घेऊन दारोदार फिरतो, कुठल्या मजल्यावरून गेले दोन महिने पावाची मागणी नाही, त्याला तोंडपाठ असतं.

आणि घर घेताना तीन गोष्टी बघा. नळाला पाणी किती वाजता येतं आणि टाकी केवढी, हे मालकाला न विचारता खालच्या भाडेकरूला विचारा. पावसाळ्यातच घर बघा, पश्चिमेच्या भिंतीला हात लावून. आणि भाडेकरू पडताळणीचा फॉर्म पोलिसात मालकाने भरायचा असतो. तो टाळाटाळ करत असेल तर तुमचे दाखले पुढे अडतील. वरच्या बांद्याच्या दादांनी म्हटलंय ते वर्षं मोजणं तिथूनच सुरू होतं. करार नोंदवून घ्या.

लोकलचा डबा
पोदेर हा खरा पोर्टल आहे. हे मुंबईत नाही, मान्य करतो.

कौलारू
माझा प्रतिसाद जरा हवेत होता, कबूल. पण साखळी-डिचोलीकडेही जुनी घरं सुंदर आहेत, एवढंच म्हणतो.

खाजनकाठ
सांभाळा, कौलारू तिकडे निघाले. तांबडी भाजी, पाच वर्षांनी तुमच्याकडेही टायमरचे दिवे.

तांबडी भाजी
चेष्टेत बोललात, पण लामगावच्या बाजूला दोन लागलेत.

रंकाळावासी
सगळ्यांचे आभार. दोन महिन्यांनी लिहितेय, त्याबद्दल क्षमस्व.

बुधवारी गेलो. पोदेर भेटला नाही, पण भाजी घेताना सासूबाईंनी भाजीवालीला सगळी कुंडली सांगितली. तिने तिच्या चुलत दिराकडे पाठवलं. डिचोलीत बाजारापासून दहा मिनिटं, वरचा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, गच्ची. भाडं साडेबारा. मालक पूर्वीचे ट्रकवाले. अंगणात एक ट्रक उभा आहे, चाकं मातीत अर्धी रुतलेली, केबिनमधून कारल्याचा वेल बाहेर आलाय. मुलीने पहिल्या दिवशी विचारलं, "काका, हा चालतो?" ते म्हणाले, "चालतो की, कारली देतो." आम्हाला आठवड्याला पाव किलो मिळतात.

पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघितला. ओल आहे, पण बुरशी नाही. पाणी पहाटे पाचला येतं, टाकी हजार लिटरची. मालकांनी पोलिसांचा फॉर्म स्वतःहून भरला, करार नोंदवला. मुलगी सरकारी मराठी प्राथमिक शाळेत, वर्गात अठरा मुलं. बाईंना कोल्हापुरी 'ओ' फार आवडतो.

माझी बस सहा वीसची. आता कंडक्टर ओळखतो, उशीर झाला तर ड्रायव्हरला "थांब रे, रक्तवाली येतेय" म्हणून ओरडतो.

विकत घ्यायचं म्हणाल तर साखळीला एक सदतीस लाखांचा फ्लॅट बघितला. छान होता. एक-चौदांना कागद दाखवले. ऑक्युपन्सी नाही आणि जमिनीच्या मूळ मालकांपैकी एका भावाच्या बायकोची सही नाही. बिल्डर म्हणाला, "ती वहिनी काही बोलत नाही, शांत आहे." एक-चौदांनी फोनवर दोन मिनिटं काहीच उत्तर दिलं नाही. आम्ही समजलो. तूर्त भाड्यानेच.

एक-चौदा
शांत वहिनी सगळ्यात महाग पडते. बरं केलंत. मुंडकाराच्या नातीच्या केसमध्ये पुढची तारीख मिळालीय, जुन्या मतदार यादीत आजीचं नाव सापडलं, हे जाता जाता.

मुंडकाराची नात
हो! १९७०च्या यादीत. घर क्रमांकासकट. बाबांनी त्याची झेरॉक्स देवघरात ठेवलीय.

बांदा-पणजी-बांदा
अभिनंदन दोघींचं. रंकाळावासी, तुमचे यजमान काय म्हणतात? बांद्याचं राहून गेल्याची खंत?

रंकाळावासी
रविवारी सकाळी गाडी घेऊन तुमच्या बाजूला गेला होता, फणस आणायला. परत आला तो म्हणे पर्वरी टाळूनही अडीच तास लागले. आता फणस बुधवारच्या बाजारातूनच आणतो.

एक शेवटचा प्रश्न, मग धागा सोडते. जुलै चालू आहे. कपडे कसे वाळवता हो तुम्ही लोक?

तांबडी भाजी
वाळत नाहीत.

खाजनकाठ
ऑक्टोबरात वाळतील.